गॅस शोधायचा तर बाजाराच्या जवळ

गुहागर तालुक्यात अंजनवेलला, वाशिष्ठीच्या मुखाशी उभा असलेला दाभोळचा वीजप्रकल्प गाजला तो राजकारणामुळे, विजेच्या दरामुळे आणि एन्रॉनच्या दिवाळखोरीमुळे. त्याच्या इंधनाची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. पहिला टप्पा 1999 च्या मे महिन्यात सुरू झाला तो नाफ्त्यावर. पुढे ओमान आणि अबुधाबीहून जहाजांनी द्रवरूप गॅस आणायचा, असे करार झाले होते. ती जहाजे यायच्या आधीच, 2001 मध्ये, प्रकल्प बंद पडला. 2005 मध्ये सरकारी कंपन्यांनी तो हाती घेतला, आणि 2009 पासून त्याला गॅस मिळू लागला तो थेट पूर्व किनाऱ्यावरच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून, अख्खे द्वीपकल्प आडवे कापून आलेल्या पाइपलाइनने. 2013 पर्यंत तोही आटला. 1,967 मेगावॅटचा प्रकल्प जवळपास दोन वर्षे गप्प बसून राहिला. 2015 च्या अखेरीस रेल्वेने त्याची काही वीज घ्यायचे ठरवले, तेव्हा आयात गॅसवर त्याचा थोडा भाग पुन्हा फिरू लागला.

या सगळ्या काळात दाभोळच्या वायव्येला दोनशे-अडीचशे किलोमीटरवर, वसईच्या समोरच्या समुद्रात, देशातला सर्वांत महत्त्वाचा गॅससाठा उपसला जात होता. तो गॅस हजिऱ्याला आणि तिथून सुमारे 1,750 किलोमीटरच्या पाइपलाइनने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या खत कारखान्यांकडे जात होता. तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. उत्तरेतल्या शेतीला युरिया हवा होता. पण याच समुद्रात सापडलेले अनेक छोटे साठे तेव्हा कागदावर पडून होते. 2015 मध्ये केंद्र सरकारने न उपसलेल्या साठ्यांसाठी स्वतंत्र धोरण आणले, तेव्हा ओएनजीसी आणि ऑइल इंडियाकडची अशी 69 क्षेत्रे यादीत निघाली. त्यांतली बरीच मुंबईसमोरच्या समुद्रातली होती.

नैसर्गिक वायूच्या शोधाचे धोरण ठरवताना साठा किती मोठा आहे, हा प्रश्न आपल्याकडे पहिला विचारला जातो. तो वापरणाऱ्यापासून किती दूर आहे, हा प्रश्न त्याच्या बरोबरीने विचारायला हवा, आणि देशाचा शोधाचा पैसा, रिग आणि वेळ आधी बाजाराजवळच्या क्षेत्रांत लागायला हवा. गेल्या पन्नास-साठ वर्षांतला जगाचा आणि आपला अनुभव हेच सांगतो.

तेल आणि गॅस एकाच विहिरीतून निघाले, तरी त्यांचा व्यापार सर्वस्वी वेगळा. तेल पिंपात भरता येते, टँकरमध्ये ओतता येते, महिनाभर साठवून चांगला भाव आला की विकता येते. गॅसचे तसे नाही. तो पाइपमध्ये दाबाखाली तरी ठेवावा लागतो, नाहीतर उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रव करावा लागतो. तसे केले की त्याचे आकारमान सहाशेपट कमी होते खरे, पण त्यासाठी किनाऱ्यावर अब्जावधी डॉलरचा कारखाना, खास बांधणीची जहाजे आणि पलीकडच्या बंदरात पुन्हा वायू करणारे टर्मिनल लागते. शिवाय मूळ गॅसचा काही भाग या थंड करण्यातच जळून जातो. म्हणून विहिरीच्या तोंडाशी स्वस्त असलेला गॅस चुलीपर्यंत पोहोचेतो महाग झालेला असतो.

अलास्काच्या उत्तर टोकाला प्रुडो बे येथे 1968 मध्ये तेलाबरोबर प्रचंड गॅस सापडला. तेलासाठी पाइपलाइन झाली आणि 1977 पासून ते वाहूही लागले. गॅससाठी मात्र आजवर लांब पल्ल्याची पाइपलाइन झालेली नाही. वर आलेला बहुतेक गॅस दाब देऊन पुन्हा जमिनीत सोडला जातो. जगात सर्वांत जास्त गॅस वापरणाऱ्या देशात, त्याच देशाच्या हद्दीत, तो साठा अर्धशतक तसाच आहे.

आपल्या खिशाला लागलेले उदाहरण मोझांबिकचे. तिथल्या रोवुमा खोऱ्यात 2010 पासून गॅसचे मोठे साठे सापडले. ओएनजीसी विदेश, ऑइल इंडिया आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या भारत पेट्रोलियमची उपकंपनी यांची त्यातल्या एका क्षेत्रात मिळून 30 टक्के भागीदारी आहे. 2019 मध्ये सुमारे 20 अब्ज डॉलरच्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी मिळाली. 2021 च्या मार्चमध्ये जवळच्या पाल्मा गावावर सशस्त्र हल्ला झाला, आणि महिनाभरात काम थांबवल्याची अधिकृत घोषणा झाली. पहिला साठा सापडून पंधरा वर्षे उलटली, तरी त्या प्रकल्पातून गॅसचे एकही जहाज निघालेले नाही.

उलट बाजूला ब्रिटनकडे पाहावे. 1965 मध्ये उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर वेस्ट सोल हा साठा सापडला, आणि 1967 मध्ये त्याचा गॅस किनाऱ्यावर आला. पुढच्या दहा वर्षांत ब्रिटनमधली घरोघरची शेगडी कोळशापासून केलेल्या गॅसवरून नैसर्गिक गॅसवर आली. इस्रायलमध्ये हैफापासून नव्वदेक किलोमीटरवर, खोल समुद्रात, तमार साठा 2009 च्या जानेवारीत सापडला. 2013 च्या मार्चअखेर तिथला गॅस देशाच्या वीजकेंद्रांत पोहोचलाही होता. समुद्र खोल होता, काम अवघड होते, पण किनाऱ्यावर गिऱ्हाईक उभे होते. गिऱ्हाईक समोर असले की बँका कर्ज देतात आणि पाइप पडतो.

अमेरिकेतला अनुभव याहून बोलका आहे. वायोमिंग आणि कोलोरॅडोच्या डोंगराळ भागातला गॅस पूर्वेकडच्या शहरांना पुरवण्यासाठी रॉकीज एक्स्प्रेस ही सुमारे 2,700 किलोमीटरची पाइपलाइन 2009 मध्ये ओहायोपर्यंत पूर्ण झाली. नेमक्या त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियात मार्सेलस खडकातला शेल गॅस निघू लागला. पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क सगळे जवळ. डोंगरातल्या गॅसला पूर्वेत गिऱ्हाईक उरले नाही, आणि काही वर्षांतच त्या नव्याकोऱ्या पाइपलाइनच्या मोठ्या भागात गॅस उलट्या दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे, वाहू लागला.

मात्र नकाशावरच्या किलोमीटरांनी गॅस जवळ येत नाही, हेही त्याच भागाने दाखवले. 2018 च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, तेव्हा बॉस्टनजवळच्या एव्हरेट बंदरात द्रवरूप गॅसचे एक जहाज लागले. त्यातला काही गॅस रशियाच्या आर्क्टिक भागातल्या यमाल प्रकल्पातला होता. पेनसिल्व्हेनियातल्या विहिरी तिथून चार-पाचशे किलोमीटरवर. पण मधल्या न्यूयॉर्क राज्याने नवी पाइपलाइन अडवली होती. तेव्हा बाजाराजवळचा गॅस म्हणजे ज्याच्या वाटेवर पाइप आहे, किंवा पाइप टाकायला लोक तयार आहेत, असा गॅस.

या अर्थाने भारतात पश्चिम किनाऱ्याइतके जवळचे क्षेत्र दुसरे नाही. 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हायचे तेल शोधले. 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि 1978 मध्ये उरणपर्यंत समुद्राखालून पाइपलाइन आल्या. तुर्भ्याची वीजनिर्मिती, उरणचे गॅसवरचे वीजकेंद्र आणि अलिबागजवळचा थळचा खत कारखाना ही सगळी त्या गॅसची गिऱ्हाइके. तरीही सुरुवातीच्या वर्षांत बराच गॅस समुद्रातच प्लॅटफॉर्मवर जाळून टाकावा लागला, कारण तो वापरणारी यंत्रणा मागे पडली होती. ऐंशीच्या दशकात देशात निघणाऱ्या गॅसचा साधारण एक तृतीयांश भाग असा जळत होता. ज्या मुलखात केरोसिनसाठी रेशनच्या दुकानापुढे रांगा लागत, त्याच मुलखासमोर रात्रभर ज्वाळा पेटलेल्या असत. मुंबईतल्या घरांसाठी महानगर गॅस ही कंपनी स्थापन व्हायला 1995 उजाडले. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या आणि शहराची हवा थोडी तरी श्वास घेण्याजोगी झाली. आज सीएनजी पंपावर रिक्षांची जी रांग दिसते, ती या गॅसच्या बाजाराची रांग आहे, आणि ती वाढतेच आहे.

आता हे क्षेत्र म्हातारे झाले, मोठे साठे उपसून झाले, तिथे पुन्हा शोध घेऊन काय मिळणार, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. मुंबई हायसारखा दुसरा राक्षसी साठा त्याच उथळ समुद्रात सापडेल, अशी आशा कोणी बाळगू नये. पण मुद्दा राक्षसी साठ्याचा नाहीच.

एक छोटा साठा घ्या. त्याच्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया प्लॅटफॉर्म, किनाऱ्यापर्यंत स्वतंत्र पाइप आणि किनाऱ्यावर स्वतंत्र संयंत्र उभारायचे म्हटले, तर हिशेब पहिल्याच पानावर तोट्यात जातो. तोच साठा चालू प्लॅटफॉर्मपासून दहा-वीस किलोमीटरवर असेल, तर विहिरीवर एक लहान, माणूस न राहणारा प्लॅटफॉर्म आणि समुद्रतळावरून एक आखूड पाइप एवढ्यावर भागते. जुन्या पाइपमध्ये जागा असतेच, कारण मूळ साठ्याचा दाब उतरलेला असतो. ओएनजीसीने दमणच्या समुद्रात हेच केले आहे. तापी क्षेत्रातले उत्पादन थांबल्यावर खासगी भागीदारांसोबत उभारलेला तिथला प्रक्रिया प्लॅटफॉर्म 2016 मध्ये ओएनजीसीकडे आला. तो मोडीत काढण्याऐवजी दमणच्या नव्या विहिरींच्या गॅससाठी वापरायचे ठरले. नवा प्लॅटफॉर्म बांधण्याचा खर्च वाचला, आणि जुना उचलून न्यायचा खर्चही पुढे ढकलला गेला.

या युक्तीला मुदत आहे, आणि धोरणकर्त्यांच्या हे पुरेसे ध्यानात आलेले दिसत नाही. प्लॅटफॉर्म गंजतात, पाइप कुजतात, सुटे भाग मिळेनासे होतात. एकदा का जुनी यंत्रणा काढून टाकली, की शेजारचा छोटा साठा कायमचा गेला. ब्रिटनला हे 2014 मध्ये उमगले. सर इयान वुड यांनी सरकारला दिलेल्या अहवालात कंपन्यांनी एकमेकांच्या पाइप आणि प्लॅटफॉर्मचा वापर वाजवी दरात करू द्यावा, आणि त्यावर देखरेखीला कडक अधिकार असलेला नियंत्रक असावा, अशी शिफारस होती. सरकारने ती मानली आणि नवा नियंत्रक आला. आपल्या पश्चिम समुद्रात तर बहुतेक यंत्रणा एकाच सरकारी कंपनीची आहे. छोट्या क्षेत्रांच्या लिलावात जी खासगी कंपनी क्षेत्र घेते, तिला गॅस किनाऱ्यावर न्यायला ओएनजीसीच्याच दारात उभे राहावे लागते. किती भाड्याने, किती दिवसांत जोडणी, दाब कोणी वाढवायचा, हे क्षेत्राच्या लिलावाआधीच जाहीर असायला हवे. आज बोली लावणारा या बाबतीत अंदाजावर चालतो, आणि अंदाजावर बँक कर्ज देत नाही.

भावाचा प्रश्न याहून अवघड आहे. 2023 च्या एप्रिलपासून ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा भाव भारत आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या 10 टक्के, पण वरची मर्यादा दर दशलक्ष बीटीयूला (गॅस मोजण्याचे उष्णतेचे एकक) 6.5 डॉलर, असा ठरला. 2025 मध्ये ही मर्यादा 6.75 डॉलर झाली. खोल समुद्रातल्या अवघड गॅसला मात्र गेल्या काही वर्षांत साधारण 10 ते 12 डॉलरची कमाल मर्यादा मिळत आली आहे. खोल समुद्रात खर्च जास्त, म्हणून भाव जास्त, हे तर्काला धरून आहे. पण याचा परिणाम असा, की कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञाने आतल्या बैठकीत वसईजवळची मध्यम विहीर आणि बंगालच्या उपसागरातली महागडी विहीर यांची तुलना केली, की तराजू आधीच कललेला असतो. सरकारने जुन्या क्षेत्रांतल्या नव्या विहिरींच्या गॅसला 20 टक्के जास्त भाव द्यायला परवानगी दिली, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे. ते पुढे न्यायला हवे. आयात गॅसला आपण जे मोजतो त्याच्या आसपासचा भाव देशातल्या, पाइपजवळच्या नव्या गॅसला मिळायला हवा. स्वयंपाकाच्या आणि सीएनजीच्या गिऱ्हाइकाला झळ बसू नये म्हणून सवलत द्यायची असेल, तर ती उघडपणे अर्थसंकल्पातून द्यावी. विहीर खोदणाऱ्याच्या भावातून ती कापून घेतली, की विहीरच खोदली जात नाही.

कारण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. देशाला रोज लागणाऱ्या साधारण 19 कोटी घनमीटर गॅसपैकी निम्मा आयात होतो. त्यातला मोठा वाटा कतारचा, म्हणजे होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येणारा. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर आशियातला तातडीच्या खरेदीचा भाव 50 डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी गेल या सरकारी गॅस कंपनीला दीर्घ मुदतीच्या करारातली रशियन कंपनीच्या माजी युरोपीय शाखेची जहाजे मिळेनाशी झाली, आणि खत कारखान्यांचा पुरवठा कमी करावा लागला. उसाला युरिया मिळतो की नाही, हे हजारो किलोमीटरवरच्या युद्धावर ठरू लागले.

कृष्णा-गोदावरी खोऱ्याला यात खलनायक करण्याचे कारण नाही. रिलायन्सच्या डी-6 क्षेत्रात 2009 मध्ये उत्पादन सुरू झाले, 2010 मध्ये ते रोज 6 कोटी घनमीटरपर्यंत गेले, आणि मग अपेक्षेपेक्षा फार लवकर कोसळले. त्या गॅसच्या भरवशावर उभारलेली वीजकेंद्रे बसली. देशात 14 हजार मेगावॅटहून जास्त क्षमता गॅसअभावी अडकून पडली. काकिनाड्यापासून भरूचपर्यंतची सुमारे 1,400 किलोमीटरची पाइपलाइन बरीचशी रिकामी राहिली. 2020 नंतर त्याच खोऱ्यातल्या नव्या साठ्यांनी उभारी दिली, आणि आता देशाच्या उत्पादनातला जवळपास 30 टक्के गॅस तिथून येतो. हे यश मोठे आहे. ते मिळाले त्यात तयार पाइपलाइनचा आणि किनाऱ्यावरच्या तयार संयंत्राचा हात होता, हेही तितकेच खरे. दुसऱ्या फेरीला ते खोरे बाजाराजवळचे झाले होते.

जिथे पाइप नेता येत नाही तिथे बाजारच गॅसजवळ नेता येतो. त्रिपुरात दशकानुदशके गॅसच्या विहिरी खोदून झाकून ठेवल्या जात होत्या, कारण घेणारे नव्हते. शेवटी पलाटणा येथे 726 मेगावॅटचे वीजकेंद्र उभे राहिले आणि गॅसऐवजी वीज तारांनी आसामकडे गेली. त्याची अवजड यंत्रे बांगलादेशातल्या आशुगंज बंदरातून आणावी लागली होती.

बाजाराजवळ शोध म्हणजे माणसांजवळ शोध. या धोरणाचे समर्थन करणाऱ्याने ही बाजू आधी बोलायला हवी, विरोधकाने बोट दाखवेपर्यंत थांबू नये. नेदरलँड्समध्ये 1959 साली स्लोख्तेरेन गावाजवळ ग्रोनिंगेनचा साठा सापडला. युरोपातला सर्वांत मोठा, आणि युरोपच्या बाजाराच्या मधोमध. दहाएक वर्षांत देशातली जवळजवळ सगळी घरे त्या गॅसवर आली. सरकारी तिजोरीत साडेतीनशे अब्ज युरोंहून जास्त पैसा आला. आणि गॅस काढल्याने जमीन बसू लागली. भूकंप होऊ लागले, विटांच्या जुन्या घरांना तडे गेले. 2012 मध्ये हाउझिंगे गावाला 3.6 रिश्टरचा धक्का बसला. भरपाईसाठी लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, तज्ज्ञांच्या तपासण्यांतून गेले, सुनावण्यांना बसले. संसदेच्या चौकशी समितीने 2023 मध्ये स्पष्ट म्हटले, की ग्रोनिंगेनच्या रहिवाशांचे हित सातत्याने डावलले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्पादन थांबवले, आणि 2024 मध्ये कायद्याने साठा बंद केला. जमिनीत अजून पुष्कळ गॅस शिल्लक असताना.

आपल्याकडे तंजावरच्या कावेरी खोऱ्यात शेतकऱ्यांचा विरोध इतका तीव्र झाला, की तमिळनाडूने 2020 मध्ये तो भाग कायद्याने संरक्षित कृषी क्षेत्र केला आणि नव्या विहिरींना मज्जाव केला. त्याच वर्षी आसामातल्या बागजानला विहिरीचा स्फोट झाला, आग महिनोन्महिने धुमसली आणि आजूबाजूची गावे रिकामी करावी लागली. असा एक अपघात आजूबाजूच्या दहा क्षेत्रांची वाट बंद करतो.

पश्चिम किनाऱ्यावर शेजारी आहेत ते कोळी. वसई, अर्नाळा, सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या बंदरांतून निघणाऱ्या बोटी याच पाण्यात जातात. बोंबलासाठी लावलेल्या डोल जाळ्यांचे खुंट समुद्रात ठरल्या जागी रोवलेले असतात. ते सर्वेक्षणाचे जहाज आले म्हणून चार दिवस बाजूला सरकवता येत नाहीत. भूकंपीय सर्वेक्षणाचे जहाज मागे कित्येक किलोमीटर लांब तारा ओढत जाते, आणि तेवढा पट्टा मासेमारीला बंद होतो. प्लॅटफॉर्मभोवतीचे पाचशे मीटरही कायमचे निषिद्ध. लहान साठे जुन्या प्लॅटफॉर्मना जोडायचे म्हणजे असे निषिद्ध ठिपके वाढणार.

म्हणून पुढच्या लिलावाच्या अटींत पाइपच्या भाड्याइतकीच एक अट ठळक हवी. सर्वेक्षणाचा मार्ग आणि तारखा मच्छीमार सहकारी संस्थांशी बसून ठरवाव्यात, बुडालेल्या दिवसांची भरपाई बोटीमागे किती हे आधीच लिहून द्यावे, आणि तुटलेल्या जाळ्याचा दावा निकाली काढायला मुदत असावी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जून-जुलैत मासेमारीवर बंदी असते. सर्वेक्षणाच्या जहाजाला लागणारा शांत समुद्र मिळतो तो ऑक्टोबर ते मे. कोळ्यांचा हंगामही तोच.